नगररचनेचा वर्ग तालुक्यातच भरू शकतो

२०१४-१५ च्या सुमारास राज्य सरकारने तालुक्याच्या गावच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा दिला आणि विदर्भातली कोरची, भामरागड, जिवती, पोंभुर्णा, सडक अर्जुनी, लाखांदूर, समुद्रपूर, मारेगाव, धारणी, संग्रामपूर अशी कितीतरी गावे कागदोपत्री शहरे झाली. कार्यालयावरची पाटी बदलली, सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आणि १७ नगरसेवक आले, मुख्याधिकारी आले. त्याबरोबर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हाही आला. या कायद्याने नगरपंचायत नियोजन प्राधिकरण ठरते. गावाचा विकास आराखडा करणे, तो पाळणे आणि वीस वर्षांत निदान एकदा तपासून सुधारणे ही तिची जबाबदारी. हे काम येणारा माणूस मात्र बहुतेक ठिकाणी आलेला नाही.

देशभरातले चित्रही फारसे वेगळे नाही. नीती आयोगाने सप्टेंबर २०२१ च्या अहवालात नोंदवले होते की देशातल्या ७,९३३ नागरी वस्त्यांपैकी ६५ टक्के वस्त्यांना बृहत् आराखडाच नाही. राज्यांच्या नगररचना खात्यांतली मंजूर पदे ३,९४५ आणि त्यांतली ४२ टक्के रिकामी. गरज १२ हजारांहून अधिक नगररचनाकारांची. आकडे वाचून लगेच ‘महाविद्यालये वाढवा’ असे म्हटले जाते. वाढवावीत. पण नागपूर-पुण्याच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेला पदवीधर सिरोंच्याला राहायला जाईल, या आशेवर कोणतेही धोरण उभे राहू नये.

तालुक्याच्या गावी आज नगररचना प्रत्यक्षात कोण करतो? स्थापत्य पदविका घेतलेला अभियंता. गटाराचे अंदाजपत्रक, घरकुलाचे हप्ते, पाणीपट्टीच्या तक्रारी आणि बांधकाम परवानगीचे प्रस्ताव, सगळे एकाच टेबलावर. त्याला घर, पगार, म्हातारे आईबाप सोडून दोन वर्षे नागपूरला व्हीएनआयटी या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत पदव्युत्तर शिक्षण घेता येत नाही, आणि पदविकेवर तिथे प्रवेशही मिळत नाही. नगररचनेचे शिक्षण या माणसापर्यंत नेले पाहिजे, आणि ते दूरशिक्षणानेच नेता येईल, असे आमचे म्हणणे आहे. त्याच्याबरोबर ग्रामपंचायत अधिकारी, भूमी अभिलेखातला भूकरमापक, ले-आउटचे नकाशे काढणारा खासगी ड्राफ्ट्समन यांनाही.

आज हे दार बंद आहे, आणि बंद करण्यामागे कारण आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद अभियांत्रिकी, वास्तुकला, नगररचना, औषधनिर्माण अशा विषयांतली दूरशिक्षणाने मिळवलेली पदविका किंवा पदवी मान्य करत नाही. काही अभिमत विद्यापीठांनी मंजुरीशिवाय टपालाने अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना पुन्हा परीक्षेला बसायला लावले. प्रयोगशाळा न पाहता अभियंता होता येत नाही, हे न्यायालयाचे म्हणणे बरोबरच आहे. प्रश्न एवढाच की नगररचनेची प्रयोगशाळा कुठे असते?

नियोजनाच्या महाविद्यालयात ‘स्टुडिओ’ हा मुख्य विषय असतो. विद्यार्थ्यांचा गट एखादे गाव घेतो, तिथे आठवडाभर राहून पाहणी करतो, मग उरलेले सत्र महाविद्यालयात बसून नकाशे काढतो. शिक्षक टेबलावर येऊन रेघा खोडतात आणि शेवटी बाहेरचे परीक्षक प्रश्न विचारून घाम फोडतात. यात दोन गोष्टी असतात, गाव आणि खोडणारा. शहरातल्या विद्यार्थ्याजवळ खोडणारा आहे, गाव आठवड्यापुरते. मारेगावच्या अभियंत्याजवळ गाव बाराही महिने आहे, खोडणारा नाही. दूरशिक्षणाने त्याला हा दुसरा माणूस पुरवायचा आहे.

पहिल्या वर्षात काय शिकवावे, हे जरा तपशिलात सांगायला हवे, कारण दूरशिक्षण म्हटले की आठ पुस्तके आणि वर्षाअखेरचा पेपर एवढेच डोळ्यापुढे येते.

सुरुवात गावनकाशापासून. भूमी अभिलेख कार्यालयातला जुना नकाशा कापडावर चिकटवलेला, घड्यांवर फाटलेला असतो. त्याचा मोबाइलने फोटो काढून चालत नाही. कडा ताणल्या जातात. सपाट स्कॅन हवा. तो क्यूजीआयएस या नकाशे करायच्या मोफत संगणक प्रणालीत उपग्रहचित्रावर बसवायचा, म्हणजे जिओरेफरन्सिंग करायचे. प्रणालीला चार बिंदू पुरतात, शहाण्याने आठ-दहा घ्यावेत, आणि ते गावठाणाभोवती दाटीने न घेता शिवारभर पसरून घ्यावेत. सर्वांत भरवशाचे बिंदू म्हणजे तीन गावांच्या शिवा मिळतात तिथले दगड. रस्त्याचे वळण किंवा नाल्याचा काठ घेऊ नये, तो शंभर वर्षांत सरकलेला असतो. नवशिक्या इथे हमखास एक चूक करतो. चूक शून्य दिसावी म्हणून ‘थिन प्लेट स्प्लाइन’ ही पद्धत निवडतो. ती नकाशा रबरासारखा ओढून प्रत्येक बिंदूवर तंतोतंत बसवते, त्यामुळे बिंदू चुकीचा घेतला तरी आकडा शून्यच येतो. साधी पहिल्या घाताची पद्धत घेतली तर कोणता बिंदू बिघडला ते कळते.

विदर्भाला आणखी एक खाच आहे. ७८ अंश पूर्व रेखांश अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांतून जातो आणि नकाशाच्या यूटीएम पद्धतीचे दोन पट्टे तिथेच मिळतात. पश्चिमेला ४३, पूर्वेला ४४. अमरावतीजवळच्या गावाचे ४३ मधले आकडे ४४ म्हणून भरले की गाव सहा अंश पूर्वेला, थेट ओडिशात जाऊन पडते. ही चूक बरी, कारण ती डोळ्यांना दिसते. पुण्यात बसून लिहिलेल्या पुस्तकात मात्र ‘महाराष्ट्रासाठी ४३’ एवढेच वाक्य असू शकते, आणि गोंदियाचा विद्यार्थी ते खरे मानून चालतो.

मग प्रमाण. १:४००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर २ मीटर होते. ९ मीटरच्या रस्त्याची हद्द आखताना २ मीटर म्हणजे कुणाची तरी ओसरी. दोन किलोमीटर लांब, दीड किलोमीटर रुंद गाव या प्रमाणात ५० बाय ३७.५ सेंटिमीटर होते. दोन ए-३ कागद जोडले की मावते. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात ए-३ निघतो, प्लॉटर जिल्ह्याला. असल्या बारीक गोष्टी अभ्यासक्रम ठरवणाऱ्याला ठाऊक नसतील तर विद्यार्थी पहिल्याच सत्रात गळतो.

पुढचे काम सद्य जमीन वापराची पाहणी, कायद्यातले कलम २५. उपग्रहचित्र इथे जितकी मदत करते तितकेच फसवते. भंडारा-गोंदियाकडची बोडी, म्हणजे छोटे तळे, मे महिन्यातल्या चित्रात उघडी, पडीक जमीन दिसते. तिला तसाच रंग दिला, पुढे तिच्यावर रहिवासी पट्टा आला, ले-आउट पडला, आणि जुलैत लोकांच्या घरात पाणी शिरले, तर दोष पावसाचा कसा? मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीखालची जमीन, तलावाचा सांडवा, त्याचा वाहून जायचा मार्ग हे नकाशावर ठळक यायला हवे. कार्यालयातल्या पडद्यावर ते दिसत नाही, पावसाळ्यात चालत गेलेल्याला दिसते. गुरे जमायचे आखर, पांदण रस्ता, खळवाडी, पोळ्याला बैल उभे राहतात ती मोकळी जागा या सगळ्यांना ‘रिकामी’ समजून त्यावर शाळा, बाग अशा सार्वजनिक कामांसाठी टाकलेली आरक्षणे पुढे वर्षानुवर्षे भांडणाचे मूळ होतात. पूर्व विदर्भात यासाठी निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज वाचता आलेच पाहिजे. गावातली कोणती जमीन कोणत्या सार्वजनिक उपयोगाला आणि कोणता रस्ता कुणाच्या वहिवाटीचा, हे मालगुजारीच्या काळापासून त्यांत लिहिलेले आहे. नगररचनेच्या सर्वसाधारण अभ्यासक्रमात हे शब्दही आढळणार नाहीत.

झुडपी जंगलाचे प्रकरण त्याहून नाजूक. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली कागदावर झुडपी असलेल्या जमिनींवर शाळा, दवाखाने, वस्त्या उभ्या आहेत. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वन म्हणूनच धरायच्या असे सांगितले आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वी वाटप झालेल्यांसाठी वेगळी वाट ठेवली. म्हणजे गटाचा नुसता वापर नोंदवून भागत नाही. सातबाऱ्यावरचा प्रकार आणि वाटपाची तारीख असे दोन जादा रकाने लागतात. ते नसतील तर आराखड्यातले निम्मे प्रस्ताव वन खात्याच्या दारात अडकून पडायची भीती.

लोकसंख्येचा अंदाज हा पुस्तकात सोपा दिसणारा भाग गावात हमखास चुकतो. समजा आज वस्ती १२ हजार. वर्षाला २ टक्के चक्रवाढ धरली की वीस वर्षांनी १७,८०० येते. वाढलेल्या ५,८०० माणसांसाठी हेक्टरी १०० प्रमाणे ५८ हेक्टर शेती नकाशावर पिवळी, म्हणजे रहिवासी, होते. पिवळा रंग लागला की भाव चढतो, दलाल फिरू लागतात. पण पोरे पुण्याला आणि नागपूरला चालली असतील तर ही वाढ येणार कुठून? गेल्या जनगणनेचे आकडे २०११ चे, पुढचे २०२७ चे. मधल्या काळासाठी शाळेच्या पहिलीची पटसंख्या, मतदार यादी, शिधापत्रिका आणि घरपट्टीची नवी खाती ताडून पाहावी लागतात, आणि ही चारही दप्तरे आमच्या विद्यार्थ्याच्या हाताशी आहेत. तसेच पाण्याचे. माणशी १३५ लिटर हे प्रमाण मलनिःसारणाची व्यवस्था असलेल्या शहराचे. ती नसेल तर ७० लिटर. १२ हजारांच्या गावाला पहिल्या हिशेबाने रोज १६ लाख २० हजार लिटर, दुसऱ्याने ८ लाख ४० हजार. टाकी आणि पंप जवळजवळ दुप्पट, वीजबिलही तसेच.

वाहतुकीची मोजणी कोणत्या महिन्यात करायची, हेही गावच सांगते. ऑगस्टमध्ये जिनिंगसमोरचा रस्ता मोकळा असतो. डिसेंबरात त्याच रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग बाजारापर्यंत येते. एक मोजणी आठवडी बाजाराच्या दिवशी, एक साध्या दिवशी, एक हंगामात. प्रत्येक वेळी सकाळी आठ ते रात्री आठ, पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यात. आठवडाभराच्या अभ्यास सहलीत हे जमत नाही. घरपाहणीचेही तेच. १२ हजार वस्तीत अडीच-तीन हजार कुटुंबे धरली तर दहा टक्के म्हणजे अडीचशे-तीनशे फॉर्म. नोकरी सांभाळून महिन्याला पन्नास झाले तरी सहा महिन्यांत उरकतात, आणि प्रत्येक प्रभागातून ठरावीक अंतराने घर निवडले तर ते खरेही असतात. ओळखीच्याच घरी जाऊन चहा पीत भरलेले फॉर्म ओळखू येतात. सगळ्यांचे उत्पन्न सारखे निघते.

कायद्याचा भाग टपालाने उत्तम शिकवता येतो. तो मराठीत शिकवला पाहिजे, कारण हरकती मराठीत येतात आणि सुनावणीही मराठीत होते. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर कलम २६ खाली ३० दिवस. कलम ३७ चे फेरबदल. कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जागा घेतली नाही, मालकाने नोटीस दिली आणि पुढच्या २४ महिन्यांत काही हालचाल झाली नाही की आरक्षण संपते, हे सगळे उदाहरणांसह. डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीही त्यात आली. ०.४ हेक्टर किंवा मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के खुली जागा सोडायची, हा नियम सर्वांना पाठ असतो. ती जागा ले-आउटच्या कोपऱ्यात, नाल्याच्या उतारावर, जिथे भूखंड विकलाच गेला नसता अशा ठिकाणी ढकललेली असते, हे ओळखायला नकाशा वाचायची सवय लागते.

आता जे टपालाने किंवा पडद्यावर शिकवता येत नाही, ते. पहिले, पातळी. काळ्या मातीच्या सपाट गावात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन-चार मीटरचाच उतार असतो. फुकट मिळणाऱ्या ३० मीटरच्या उंची-नकाशातली चूकच काही मीटरांची. त्यावर गटाराची दिशा ठरवली तर पाणी उलटे चालते. ऑटो लेव्हल हे उंची मोजायचे यंत्र लावून, ठाऊक उंचीच्या बिंदूपासून निघून परत तिथेच येऊन फेरी बंद करायला हवी. ४ किलोमीटरच्या फेरीत ४८ मिलिमीटरपर्यंतचा फरक साध्या कामाला चालतो, त्याहून जास्त आला तर पुन्हा. हे हातात यंत्र घेऊनच येते. दुसरे, पूररेषा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या. १९९१ साली वर्धा नदीने मोवाड बुडवले त्यात दोनशेवर माणसे गेली. अशा नदीकाठच्या गावात रेषा कागदावरून उतरवून घेण्याआधी जुन्या भिंतींवरच्या खुणा मोजायच्या असतात. तिसरे, सुनावणी. ज्याच्या दोन एकरांवर शाळेचे आरक्षण पडले त्याच्यासमोर उभे राहून कारण सांगणे.

म्हणून आमचा आग्रह पूर्ण पदवीचा नाही. दोन वर्षांची पदविका, स्थापत्य पदविकाधारकांसाठी. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची विभागीय केंद्रे नागपूर आणि अमरावतीला आहेत आणि मराठीतून छापील पाठ्यपुस्तके देण्याची सवय त्या विद्यापीठाला १९८९ पासून आहे. नकाशाचे काम शिकवायला नागपुरातच महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, आराखड्यावर टीका करायला व्हीएनआयटीतले शिक्षक आणि नगररचना विभागाचे निवृत्त अधिकारी. दर सत्राला पाच-पाच दिवसांची दोन शिबिरे, तीही नागपुरात न घेता एखाद्या विद्यार्थ्याच्याच तालुक्यात. व्हिडिओ पेन ड्राइव्हवर द्यावेत. जिवती-भामरागडला नेटवर्कच्या भरवशावर वर्ग भरत नाही. ब्रिटनमध्ये वेस्ट ऑफ इंग्लंड विद्यापीठाच्या दूरशिक्षणातल्या नियोजन अभ्यासक्रमाला तिथल्या रॉयल टाउन प्लॅनिंग इन्स्टिट्यूटची मान्यता मिळते, तेव्हा हा विषय दुरून शिकवताच येत नाही असे म्हणणे फार ताणलेले आहे. आपल्याकडेही इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडिया या १९५१ च्या संस्थेने नोकरी करता करता परीक्षा देऊन सहयोगी सदस्य होण्याची वाट दीर्घकाळ चालवली. तिथे लेखी पेपर घरच्या अभ्यासाने निघत. प्रबंधाला मार्गदर्शक लागे, आणि तो आडगावात मिळणे कठीण. शिबिरे त्यासाठीच हवीत.

आक्षेप दोन, आणि दोन्ही वजनदार. एक, नकाशे विकत मिळतील. मिळतीलच, आजही महाविद्यालयाबाहेर प्रकल्प विकत मिळतात. पण तीनशे फॉर्मांची मूळ बाडे, पातळीची वही आणि शिबिरात परीक्षकाने बोट ठेवलेल्या गटावर दिलेले उत्तर विकत घेणे अवघड जाते. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. आपल्याच गावाचा आराखडा शिकणाऱ्या अभियंत्याला कोणता गट पिवळा होणार हे आधी कळेल, आणि ते त्याच्या मेव्हण्यालाही कळेल. म्हणून पहिले वर्ष पाहणीचे, स्वतःच्या गावात. दुसऱ्या वर्षाचे प्रस्ताव दुसऱ्याच्या गावासाठी. लाखांदूरच्या पाहणीवर कोरचीचा विद्यार्थी आराखडा करील, कोरचीच्या पाहणीवर लाखांदूरचा. शिवाय पाहणी वाईट केली असेल तर ती उघडी पाडायला सहाध्यायीच पुरे. त्याला त्याच कागदांवर काम करायचे असते.

मान्यतेचा प्रश्न राहतो. वास्तुविशारदांना १९७२ चा कायदा आहे, नगररचनाकारांसाठी तसा देशव्यापी कायदा नाही. त्यामुळे पात्रता ठरते ती पदाच्या जाहिरातीत. नगररचना विभागातल्या रचना सहायक पदाला स्थापत्याची तीन वर्षांची पदविका चालते, नगररचनेचा एकही धडा न शिकता. राज्य सरकारने सेवाप्रवेश नियमांत या नव्या पदविकेला प्राधान्य द्यावे आणि नगरपंचायतीतल्या अभियंत्याला ती केल्यावर वेतनवाढ द्यावी, एवढे झाले तरी विद्यार्थी मिळतील. तंत्रशिक्षण परिषदेने नगररचनेवरची सरसकट बंदी उठवायची गरज नाही. सेवेत असलेल्यांसाठी, शिबिरांच्या अटीवर, ठरावीक विद्यापीठाला सूट पुरते.

तोवर आज कुणी घरबसल्या नगररचना शिकायला पैसे भरणार असेल, तर आधी तीन कागद पाहावेत. तंत्रशिक्षण परिषदेची त्या अभ्यासक्रमाला, नुसत्या संस्थेला नव्हे, मंजुरी आहे का. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाच्या त्या वर्षाच्या यादीत त्या अभ्यासक्रमाचे नाव आहे का. आणि ज्या पदासाठी हे करायचे त्याच्या मागच्या जाहिरातीत पात्रतेच्या रकान्यात काय लिहिले होते. इग्नूची नागरी नियोजन व विकास या विषयातली पदव्युत्तर पदविका समज वाढवायला चांगली, पण ती नगररचनाकाराच्या पदवीची जागा घेत नाही. खासगी संकेतस्थळांवरची सहा आठवड्यांची प्रमाणपत्रे क्यूजीआयएस शिकण्यापुरती घ्यावीत, आणि तेही फुकट असतील तर.